पश्चिम वेशीचा संशय

थांबा मित्रांनो. असे घोळक्याने आत शिरू नका. एकेक जण या आणि जरा उजेडाकडे तोंड करा. कोण, कुठले, हातात काय, पिशवीत काय, हे बघितल्याशिवाय पूर्वी मी कुणालाच आत घेत नसे. आता विचारायची सोय राहिलेली नाही. तिकीट दाखवले की कुणीही आत. तरी जुनी खोड जात नाही. मी लियांगफू शहराची पश्चिमेकडची वेस आहे. फार जुनी आहे आणि संशय हा माझा धंदा आहे.

माझा जन्मच संशयातून झाला. मला बांधले तेव्हा प्रत्येक विटेवर ती भाजणाऱ्याचे नाव उठवावे लागे. ते त्याच्या कौतुकासाठी नव्हे. पुढेमागे वीट फुटली तर मान कुणाची धरायची, हे कळावे म्हणून. वीटवाल्यावर मुकादमाचा विश्वास नव्हता, मुकादमावर अधिकाऱ्याचा नव्हता आणि अधिकाऱ्यावर बादशहाचा नव्हता. विटांच्या दरजा भरायला चुन्यात चिकट तांदळाची पेज घालत. कामगार ती पेज पिऊन टाकतील, म्हणून चुलीवरच तिच्यात चुना कालवून ठेवत. एवढ्या अविश्वासाचा एक फायदा झाला. मी पक्की झाले.

माझ्या दोन कमानी आहेत, एक बाहेरची आणि एक आतली. मधे चौक आहे. पण त्या एका रेषेत नाहीत. बाहेरच्या कमानीतून घुसलेल्याला आतली कमान समोर दिसतच नाही. तो गोंधळून चौकात उभा राहतो आणि वरून त्याला सगळे बघत असतात. माझी दारे एल्मच्या लाकडाची होती, त्यांवर लोखंडी पत्रा आणि मुठीएवढे खिळे. डाव्या दारात एक दिंडी होती, माणूस वाकून आत येईल एवढीच. आणि कमानीच्या दोन्ही बाजूंच्या दगडांत वरपासून खालपर्यंत खोल खाचा होत्या. त्या कशासाठी, हे पुढे येईल.

शहराला आणखी वेशी आहेत. उत्तरेची नदीकडे तोंड करून आहे, पण उंचवट्यावर. पूर्वेचीही उंचावर. दक्षिणेची कुणा जुन्या सरदाराने भीतीपोटी विटांनी बुजवून टाकली. सखल जागेत आहे ती एकटी मी. माझ्या पुढे शेते, शेतांपलीकडे खेडी, आणि उत्तरेने वाहत जाणारी ह्वाय नदी. त्या नदीवर मात्र माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता.

आता माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट सांगते.

बादशहा गादीवरून उतरून बरीच वर्षे झाली होती. देशात ज्याच्या हाती बंदुका तो राजा. डोंगरात दरोडेखोरांच्या टोळ्या होत्या आणि त्या कधी शेतकऱ्याच्या वेशात, कधी वरातीच्या वेशात शहरात शिरत. त्या काळात माझ्या पहाऱ्याचा नाईक होता दुआन क्वेशान. अंगाने सडपातळ, पापण्या जड. झोपलाय की बघतोय ते कळत नसे. त्याच्या हातात कायम एक लोखंडी सळई. गवताची गाडी आली, खुपस सळई. भाताचे पोते आले, खुपस सळई. एकदा तर नव्या नवरीच्या पालखीच्या गादीत त्याने सळई खुपसली होती, आणि नवरी आतून त्याला जे बोलली ते ऐकून पालखीवाले भोई लाजले होते.

रोज सकाळी त्याची गाठ पडे ती पेई सूछिंगशी. ही विधवा बाई टेकडीच्या पायथ्याशी, झऱ्याजवळ राहायची. घरी म्हातारी सासू. रोज टोफू करायचा आणि कावडीच्या दोन्ही बाजूंना लाद्या टांगून शहरात विकायला यायचे.

“झाकण काढा वहिनी,” दुआन म्हणायचा.

“रोज बघता, काल काय निघालं होतं?”

“काल टोफू निघाला. आजचं कोणी सांगावं?”

“दुआनदादा, टोफूत सळई घातलीत तर ती लादी तुमच्या गळ्यात बांधीन. भोक पडलेला टोफू कोण घेतं?”

“भोकातून बंदूक दिसली तर?”

“एवढ्याशा लादीत बंदूक मावत असती तर पहिली गोळी कुणाला घातली असती, सांगू का?”

पहारेकरी हसायचे. दुआन हसत नसे. पण सळई टोफूत कधी घातली नाही, हेही खरे.

गव्हाची कापणी उरकत आली होती आणि खळ्यांवर मळणी चालू होती. पाऊस असा पडला होता की आकाश पिळून काढावे, आणि मग एकाएकी उघडला. त्या उघडलेल्या दुपारी पश्चिमेच्या रस्त्याने एक माणूस आला. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल आणि वर कोरडे कपडे. काखेत एक गोल गाठोडे घट्ट धरलेले. चालत नव्हता, पळतही नव्हता. दमलेले जनावर ओढल्यासारखे स्वतःला ओढत होता.

“वेस बंद करा,” तो म्हणाला. “वरचा बांध फुटलाय. पाणी येतंय.”

दुआनने पापण्या वर केल्या. “नाव?”

“येन बाओथियान. बांधावर राखणीला असतो. अहो, नाव काय विचारता, पाणी...”

“पाण्यातून आलास म्हणतोस आणि कपडे कोरडे?”

“पाण्याच्या पुढे पळालो! मागे पडलो असतो तर ओले झाले असते, आणि मी इथे नसतो.”

“गाठोड्यात काय आहे?”

बाओथियानने गाठोडे पाठीमागे नेले. मित्रांनो, हे मी हजारदा बघितले आहे. विचारल्यावर वस्तू मागे नेणारा माणूस बहुतेक वेळा चोर असतो. माझ्या विटाविटांत संशय भरून आला.

दोन पहारेकऱ्यांनी त्याचे हात धरले. दुआनने गाठ सोडली. आतून निघाला काशाचा मोठा थाळा आणि लाकडी टोला.

आता हा थाळा म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसाला सांगायला नको. टोळीचा माणूस आधी शहरात शिरायचा, भर बाजारात थाळा वाजवायचा, लोक गडबडून पळायचे, आणि त्या गोंधळात बाहेरचे साथीदार वेशीतून आत यायचे. शेजारचे एक शहर असेच लुटले गेले होते.

“बघितलंत?” दुआन पहारेकऱ्यांना म्हणाला. “पाणी येतंय म्हणे! थाळ्यावर तरंगत आलास वाटतं?”

“बांधावरचा थाळा आहे तो. बांध फुटला की वाजवायचा, हेच माझं काम. वाजवला मी! दोन गावांत वाजवला. पहिल्या गावात हसले. दुसऱ्या गावात टोळीचा समजून दगड मारले.” त्याने मान वळवून कानामागची जखम दाखवली. “म्हणून बांधून आणला. लपवला नाही.”

“देवडीत घाला याला,” दुआन म्हणाला. देवडी म्हणजे माझ्या कमानीच्या पोटातली पहाऱ्याची खोली. तिला गजांची खिडकी आहे.

हे सगळे सूछिंग बघत होती. तिची कावड रिकामी झाली होती आणि ती घरी निघाली होती.

“दुआनदादा, त्याचं म्हणणं खरं निघालं तर?”

“टोळीवाले खरंच वाटेल असंच बोलतात, वहिनी.”

“तुम्ही जगातल्या सगळ्या गोष्टींत सळई घालून बघता. टोफूत घालायला निघाला होतात. मग एकदा नदीत घालून बघा की! नदी काय इथून लांब आहे?”

पहारेकरी हसले. दुआन नाही हसला. पण त्याने सळई उचलली आणि तो तटाच्या कडेकडेने उत्तरेला, नदीच्या घाटाकडे गेला. त्याला बाओथियानवर विश्वास होता म्हणून नव्हे. तो खोटा आहे हे सिद्ध करायचे होते म्हणून.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा मी पहिल्यांदा उजळलेला पाहिला.

“उतरलीय!” तो देवडीच्या गजांशी येऊन म्हणाला. “नदी उतरलीय! घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्यात, त्यांवर शेवाळ चमकतंय. मासे चिखलात तडफडतायत आणि पोरं गोळा करतायत. आता बोल, बांध फुटलाय का?”

बाओथियान बाकावर बसला होता. तो उठला आणि त्याच्या तोंडावरचा सगळा रंग गेला.

“उतरली?” तो म्हणाला. “म्हणजे पाणी नदीत नाहीच राहिलेलं. सगळं फुटीतून बाहेर पडलं. दादा, ते नदीतून येत नाही. शेतांतून येतंय.”

आणि तो दुआनकडे बघतच नव्हता. त्याच्या खांद्यावरून पलीकडे, पश्चिमेच्या सपाट शेतांकडे बघत होता.

मित्रांनो, दुआन क्वेशानने आयुष्यभर खोटे बोलणारी माणसे बघितली होती. खोटे बोलणारा घाबरला की समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. आपले खोटे पचले का, हे त्याला तिथे वाचायचे असते. हा माणूस घाबरला होता, पण दुआनला घाबरला नव्हता. दुआनच्या मनात काय चालले होते ते मी त्याच्या सळईवरून ओळखले. ती माझ्या उंबऱ्यावर टकटक वाजू लागली होती. घाटावरून येताना तो फार खूश होता. नको तितका खूश होता. आणि त्या दुपारी त्याला, बहुधा जन्मात पहिल्यांदा, स्वतःच्या आनंदाचाच संशय आला.

“चला,” तो म्हणाला. “मोठी दारं लावा, अडसर घाला. दिंडी उघडी ठेवा. आणि थाळा आणा.”

“नाईक, हा थाळा टोळीची खूण असली तर?” एका पहारेकऱ्याने विचारले.

“असली तर टोळी येईल आणि बंद दारावर डोकं आपटेल. पाणी आलं तर तेही आपटेल. दोघांचाही बंदोबस्त एकच आहे.”

थाळा त्याने बाओथियानच्या हाती दिला नाही. एवढा विश्वास अजून बसलेला नव्हता. माझ्या माथ्यावरच्या सज्जात चढून त्याने स्वतःच तो वाजवला. खळ्यांवरची माणसे थांबली, माना वर झाल्या. मग कुणी मोकळ्या हातांनी, कुणी पोर काखेला मारून पळत सुटले.

दिंडीच्या तोंडाशी दुआन उभा राहिला. आणि मग त्याने जो हुकूम काढला तो ऐकून लोकांनी त्याला शिव्या घातल्या.

“रिकाम्या हातानं आत यायचं नाही! प्रत्येकानं बाहेरच्या खड्ड्यातली पिवळी माती टोपलीभर आणायची. टोपली नसेल तर अंगरख्यात आणा. तान्ह्या पोराची आई सोडून सगळ्यांनी!”

“अरे, पाणी आलं तर आम्ही मरू, आणि तू माती मोजतोस?” एक म्हातारा ओरडला.

“मोजत नाही आजोबा, मागतोय. माती आत आली नाही तर आत येऊनही मराल.”

आता त्या खाचांची गोष्ट. पूर आला की दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये जाड फळ्या एकावर एक सोडायच्या. अशा दोन ओळी. दोन ओळींच्या मधल्या जागेत चिकणमाती घालून धुमसायची. मग पाणी माझ्या कमानीतून आत येऊ शकत नाही. मला बांधणाऱ्यांनी नदीवरही विश्वास ठेवला नव्हता, ते असे.

बाओथियानला देवडीतून काढून दिंडीशी उभे केले होते, कारण आतल्या बाजूला माती धुमसायला हात हवे होते. पण तो सारखा दिंडीतून येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे वाकून बघत होता. दुआनची नजर त्याच्यावर होतीच.

“कुणाला शोधतोयस? साथीदाराला?”

“बायकोला,” बाओथियान म्हणाला. “बांधावरून निघताना म्हणाली, तू थाळा घेऊन पुढे हो. खुराड्याचं दार उघडते, कोंबड्या सोडते आणि तुला गाठते. माझ्यापेक्षा ती जोरात पळते, दादा. लहानपणापासून.”

थोड्या वेळाने मी दुआनला आत येणाऱ्या एका बाईला विचारताना ऐकले, “बांधाकडची का तुम्ही?”

त्या गर्दीत दोन धडधाकट माणसे होती. त्यांनी माती आणायला नकार दिला, एकमेकांकडे बघितले आणि शेतातून दक्षिणेकडे निघून गेली. ती कोण होती, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. मला संशय आहे, एवढेच.

फळ्या आणायला माणसे माझ्या माथ्यावरच्या खोलीत चढली आणि रिकाम्या हातांनी खाली आली. फळ्या नव्हत्या. तेवढ्यात फान शेट आले. हे शहरातले गव्हाचे मोठे व्यापारी. त्यांच्या गव्हाच्या गाड्या बाहेर अडकल्या होत्या.

“दारं कुणाला विचारून लावलीस दुआन?” फान शेट कडाडले. “माझा गहू बाहेर भिजतोय! कुणी चारलंय तुला? पलीकडच्या बाजारपेठेनं? की या थाळेवाल्यानं?”

“शेट,” दुआन फार हळू बोलला, “गेल्या पावसाळ्यात सगळ्यांच्या कोठारांत खालून ओल आली. तुमच्या कोठीत नाही आली म्हणे. कशामुळे बरं?”

“मी... जमीन नीट घातली आहे.”

“लाकडाची?”

फान शेटनी घसा खाकरला.

“चांगल्या जाड लाकडाची असेल,” दुआन म्हणाला. “दोन्ही टोकांना अशा खाचेत बसतील इतक्या तासलेल्या?”

मित्रांनो, माझ्या फळ्यांवर पावसाळाभर फान शेटचा गहू सुखाने झोपला होता! शेट लाल झाले, मग पांढरे झाले. कदाचित त्यांनी आणखी वाद घातला असता. पण तेवढ्यात माझ्या माथ्यावरून कुणीतरी ओरडले. पश्चिमेला क्षितिजापाशी एक करडी रेघ दिसू लागली होती आणि ती रुंद होत होती. फान शेट स्वतः पुढे पळाले. कोठीतला गहू रस्त्यावर ओतला गेला आणि फळ्या आल्या.

लोक आत घेऊन झाले. दिंडी बंद करायची वेळ झाली. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आले की सूछिंग परत आलेली नाही. थाळा वाजताच ती सासूला आणायला टेकडीकडे गेली होती. दुआन दिंडीत उभा राहिला. सळई त्याने दोन्ही हातांत धरली होती. पाण्याचा आवाज आता ऐकू येत होता, वाळलेल्या पानांवरून गाड्या जाव्यात तसा.

“नाईक, फळ्या सोडू?”

“सोडा,” दुआन म्हणाला. पुन्हा म्हणाला, “सोडा. कशाला बघताय माझ्याकडे?”

दिंडी लागली. फळ्या खाचांत उतरल्या. माती पडू लागली, आणि बाओथियान आणि फान शेट शेजारीशेजारी उभे राहून ती धुमसू लागले. बाहेर पाणी आले. आधी माझ्या उंबऱ्याला चाटून बघितले, मग माझ्या पायांशी वर चढू लागले. कडब्याच्या पेंढ्या, खुर्ची, मेलेले डुक्कर असे काय काय माझ्या दारावर येऊन थडकू लागले.

सांज व्हायला आली तेव्हा बाहेरून हाक आली.

“अहो सळईवाले!”

दुआन सज्जाच्या कठड्याशी धावला. खाली पाण्यात सूछिंग छातीपर्यंत उभी होती. टोफूचा दगडी पाटा ठेवायचा लाकडी घोडा तिने तराफ्यासारखा ढकलत आणला होता. त्यावर तिची सासू बसली होती आणि सासूच्या मांडीवर एक भरलेले पोते.

“दोर टाका!” सूछिंग म्हणाली. “या बाईंनी पोतं घेतल्याशिवाय उठायला नकार दिला. इतका वेळ त्यातच गेला!”

वरून दोराला बांधून माती वाहायची टोपली सोडली. म्हातारीने तिच्याकडे बघितले.

“टोपली कुणाची?” तिने विचारले.

“आजी, बसा आधी!” दुआन वरून ओरडला.

“तळ बघून घे गं,” म्हातारी सुनेला म्हणाली. “या वेशीवरच्या लोकांचा मला भरवसा नाही. माझ्या सुनेच्या टोफूत सळया घालतात म्हणे.”

सूछिंगने पाण्यात उभ्या उभ्या टोपलीचा तळ चाचपून दाखवला. मगच म्हातारी बसली. पण आधी पोते वर गेले, मग ती, मग सूछिंग. दोर ओढणाऱ्यांत सर्वांत पुढे बाओथियान होता. सूछिंगचा चेहरा कठड्यावर आला, तेव्हा त्याने तो नीट बघितला आणि मग दोर दुसऱ्याच्या हातात दिला.

पाणी माझ्या कमानीच्या निम्म्यापर्यंत चढले. त्याचा भार काय होता ते मी कसे सांगू? शत्रू धडक देतो आणि मागे जातो. पाणी मागे जातच नाही. ते टेकून उभे राहते आणि बारीकशी फट शोधत राहते. माझ्यासारखेच संशयी. दुसऱ्या दिवशी त्याला फट सापडली. खालच्या दोन फळ्यांच्या जोडात, फान शेटच्या कोठीत एक टोक किडीने खाल्ले होते तिथे. पिचकारीसारखी धार आत आली आणि धुमसलेली माती वितळू लागली. गोधड्या कोंबल्या, त्या फेकल्या गेल्या. जुने अंगरखे कोंबले, तेही गेले.

“त्या पोत्यात काय आहे आजी?” दुआनने विचारले.

म्हातारीने पोते मांडीखाली घेतले. “का?”

“दाखवा.”

“सोयाबीन आहे,” सूछिंगच म्हणाली. मग ती थांबली. सासूकडे बघितले, धारेकडे बघितले. रोज रात्री ती सोयाबीन भिजत घालायची आणि सकाळी तो दुप्पट झालेला असायचा. “दुआनदादा, वाळलेला आहे. कडकडीत.”

“नाही हं!” म्हातारी म्हणाली. “बियाण्याचा आहे तो!”

“सासूबाई, पेरायला जमीन राहायला हवी ना?”

म्हातारीने धारेकडे बघितले. मग मांडी सैल केली.

अंगरख्यांच्या बाह्यांत सोयाबीन भरून टोके शिवली आणि ती लांबट पोती फटीत ठोकून बसवली. पाणी दाण्यांत शिरले. दाणे फुगले. फुगून फुगून बाह्या अशा टणक झाल्या की धार बारीक झाली, मग थेंब झाली, मग थांबली. संध्याकाळपर्यंत बाओथियानने त्यावर नवी माती धुमसली. त्यानंतर पाण्याने कितीही शोधले, तरी त्याला माझ्यात दुसरी फट सापडली नाही.

पाणी उतरायला फार दिवस लागले. चहूकडे समुद्र आणि मधे लियांगफू, एखाद्या वाटीसारखे. आतली माणसे जगली. पाणी गेल्यावर फळ्या काढल्या तेव्हा बाह्यांमधल्या सोयाबीनला मोड आलेले आणि वास सुटलेला. म्हातारीने ते चिवडून बघितले आणि त्यातले धड होते ते वेचून घेतले.

शहराने माझ्या कमानीवर एक फलक बसवला. सोनेरी अक्षरे होती. फान शेटनी खर्च केला आणि भाषणही केले. त्या भाषणात फळ्या कुठे होत्या, याचा उल्लेख नव्हता.

बाओथियान बांधाकडे गेला आणि परत आला. तिथे गाव नव्हते. दुआनने त्याला माझ्या पहाऱ्यावर घेतले. पुढे कित्येक वर्षे ते दोघे माझ्या दाराच्या दोन बाजूंना उभे असत आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. एकजण त्यात वाईट माणूस शोधायचा. दुसरा एकच माणूस शोधायचा. दुआन म्हातारा झाला, सळई टेकत चालू लागला, तरी पश्चिमेकडून बाई आली की विचारायचा, “बांधाकडची का तुम्ही?” आणि ती नाही म्हणाली की बाओथियानकडे न बघता म्हणायचा, “जा आत.”

ती आली नाही, मित्रांनो.

मग दिवस बदलले. दारे रात्रीसुद्धा उघडी राहू लागली. माझा लोखंडी पत्रा कुणीतरी वितळवायला नेला. सोनेरी फलक उतरवून त्याची कुणी चहाच्या दुकानात मेजावरची फळी केली. विटा निघत गेल्या. लियांगफूमधल्या काही डुकरांच्या गोठ्यांना अजून शेकडो वर्षांपूर्वीच्या वीटवाल्यांची नावे आहेत. माझ्या देवडीत खताची पोती होती. मोटारी आल्या तेव्हा मला पाडून रस्ता रुंद करायचे घाटत होते. का पाडले नाही, ते मला कुणी सांगितले नाही. म्हणून त्यावरही माझा पुरता विश्वास नाही.

आता तुम्ही येता. मला नवी दारे बसवली आहेत, त्यांवरचे खिळे पोकळ आहेत. झेंडा धरून एक मुलगी माणसे घेऊन येते आणि सांगते की पूर आला तेव्हा वेशीवरचा दगडी सिंह रडला आणि पाणी थांबले. लोक माना डोलावतात. मला सिंह कधीच नव्हता. परवा एका आजोबांनी माझ्या भिंतीवरची पाण्याची जुनी रेघ बघितली, तिच्यापर्यंत हात पोचतो का ते टाचा उंचावून बघितले आणि म्हणाले, “एवढं पाणी? छे, खोटं असणार.” मला बरे वाटले. निदान त्यांनी हात तरी लावून बघितला.

शंका घ्या मित्रांनो, जरूर घ्या. पण शंका घेऊन घरी बसू नका. घाटापर्यंत चालत जा. आणि तिथे जे दिसेल त्याने फारच आनंद झाला, तर आणखी एकदा विचार करा.

एक मागणे आहे. माझ्या कमानीत उभे राहून फोटो काढता ना, तेव्हा बाजूच्या दगडांकडे बघा. त्या खाचांत आइस्क्रीमच्या काड्या आहेत, बाटल्यांची झाकणे आहेत, चघळलेला च्युइंगगम आहे. उजव्या खाचेत तिकीटघराचा खांब उभा करताना सिमेंट ओतले आहे. ते कुणीतरी काढा. काढता आले नाही, तर निदान तुमचे कागद तिथे कोंबू नका. पोरांनो, नावे कोरायची असतील तर घरच्या पाटीवर कोरा. माझ्या विटांवर नावे आधीच आहेत आणि ती जबाबदारीची आहेत.

लोक म्हणतात, वर मोठी धरणे झाली, आता पूर येत नाही. असेल. मला तसे कुणी लिहून दिलेले नाही. काल वाऱ्याबरोबर उत्तरेकडून चिखलाचा वास आला आणि घाटावर पोरे ओरडत होती की पायऱ्या उघड्या पडल्या, मासे सापडले. सगळे खूश होते.

मी मात्र पश्चिमेकडे बघत उभी आहे.